वाचकांचे प्रश्न : घरच्या ध्वनिमुद्रणासाठी साउंड कार्ड

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. घरी संगणकावर गाणे-वाजवणे मुद्रित करायचे आहे, संगणकाचे मूळचे साउंड कार्ड पुरे पडत नाही, तर आता काय घ्यावे, असे ती विचारतात. म्हणून हे संपूर्ण सदर त्या विषयालाच दिले आहे.

प्रश्न : मी गाते आणि स्वतःच गिटारची साथ करते. संगणकाच्या मायकच्या छिद्रात मायक जोडून मुद्रण केले, तर मागे सतत खरखर राहते आणि माझा आवाज फार लहान येतो. एका परिचितांनी संगणकाच्या आत बसणारे ७.१ वाहिन्यांचे, १९२ किलोहर्ट्झ असे लिहिलेले साउंड कार्ड सुचवले आहे. ते घ्यावे का?

उत्तर : घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ते कार्ड ऐकण्यासाठी कदाचित उत्तम असेल, पण आपली अडचण जिथे आहे तिथे ते पोहोचतच नाही. ७.१ म्हणजे श्रोत्याच्या भोवती मांडलेल्या स्पीकरांकडे जाणाऱ्या वाहिन्या. या आकड्याचा संबंध संगणकातून बाहेर पडणाऱ्या आवाजाशी आहे आणि आपल्याला चिंता आहे ती आत येणाऱ्या आवाजाची.

गाण्याने मायकमध्ये जो विद्युतदाब निर्माण होतो तो अतिशय क्षीण असतो. साध्या डायनॅमिक (बाहेरची वीज न लागणाऱ्या) मायकसमोर चांगल्या मोकळ्या आवाजात गायले, तरी तो एक-दोन मिलिव्होल्टच्या घरात राहतो. संगणकाला तो नीट मोजता यावा म्हणून आधी सुमारे एक व्होल्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ हजारपट वाढवावा लागतो. ध्वनीच्या हिशेबात ही वाढ ६० डेसिबलची होते. हे काम प्रीअँप करतो आणि त्याच्या पुढे तो विद्युतदाब आकड्यांत बदलणारा कन्व्हर्टर असतो. प्रीअँप जे काही वाढवतो त्यात आपला आवाजही असतो आणि वाटेत शिरलेला उपद्रवही असतो, त्यामुळे मुद्रणाचा कस मुख्यतः या पहिल्या टप्प्यावरच ठरतो. संगणकावरचे मायकचे छिद्र हेडसेटमधल्या छोट्या मायकसाठी केलेले असते. त्याचा प्रीअँप मदरबोर्डवरच्या एका चिपचा लहानसा भाग असतो आणि त्याच्या शेजारी प्रोसेसर, पंखा, वीजपुरवठा यांचा अखंड गोंगाट चाललेला असतो. सुचवलेल्या कार्डावरही बहुधा त्याच जातीचे ३.५ मिलिमीटरचे छिद्र असेल, त्यामुळे खरखर थोडी कमी झाली तरी दुखणे तेच राहील.

आपल्याला हवे आहे ते यूएसबीने जोडले जाणारे, संगणकाच्या पेटीबाहेर राहणारे साउंड कार्ड. बाजारात आणि संगीतकारांत त्याला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. साउंड ब्लास्टर हे कार्ड १९८९ मध्ये आले, तेव्हा घरगुती संगणकाला स्वतःचा धड आवाजच नव्हता आणि कार्ड आत बसवणे हाच मार्ग होता. आता ऐकण्यापुरता आवाज प्रत्येक मदरबोर्डवर असतो, आणि मुद्रणाचे उपकरण त्या गोंगाटापासून दूर ठेवणे सोयीचे व हिताचे झाले आहे.

अशा उपकरणावर मायकसाठी तीन टाचण्यांची एक्सएलआर जोडणी असते. तिच्या वायरमधल्या दोन तारांतून एकच आवाज परस्परांच्या उलट रूपात येतो. वाटेत शिरलेला उपद्रव मात्र दोन्ही तारांवर सारखाच चढतो. उपकरण दोन्ही तारांमधला फरक तेवढा घेते, त्यामुळे आवाज टिकतो आणि उपद्रव जवळजवळ पुसला जातो. पाच-दहा मीटरची वायर निर्धास्तपणे वापरता येते ती याच रचनेमुळे.

आता निवडीचे बोलू. एकाच वेळी किती आवाज स्वतंत्रपणे मुद्रित करायचे आहेत, हा पहिला विचार. गाण्यात दहा वाद्ये असली, पण आपण ती एकामागून एक वाजवणार असाल, तर दोन इनपुट पुरतात. आपण गाताना गिटारही वाजवता, म्हणून दोन इनपुट असावेतच. मात्र गिटार मायकनेच मुद्रित करायची असेल, तर दोन्ही इनपुटांना मायकचा प्रीअँप आहे ना, हे पाहून घ्यावे. खोक्यावर दोन किंवा चार इनपुट लिहिलेले असतात आणि प्रत्यक्षात मायक एकालाच जोडता येतो, असे बऱ्याचदा आढळते.

मायक कंडेन्सर जातीचा असेल, तर त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे मायकच्याच वायरमधून उपकरणाने पुरवलेली वीज, लागते. संगणकाच्या छिद्रातून मिळणारे मोजके व्होल्ट त्याला पुरत नाहीत, आणि नुसता अडॅप्टर लावून हा प्रश्न सुटत नाही. डायनॅमिक मायकला ही वीज लागत नाही आणि एक्सएलआर वायर ठीक असेल तर चुकून चालू राहिली तरी बाधतही नाही. जुन्या रिबन मायकच्या बाबतीत मात्र ती बंद असल्याची खात्री केल्याशिवाय वायर जोडू नये.

गिटारला पिकअप (तारांची कंपने विद्युतसंकेतात बदलणारा भाग) असेल आणि ती थेट जोडायची असेल, तर इनपुटवर ‘इन्स्ट्रुमेंट’ किंवा ‘हाय-झेड’ असे बटण हवे. या इनपुटचा अवरोध साधारण एक मेगाओहम असतो, तर कीबोर्डसारख्या सशक्त संकेतासाठी असलेल्या साध्या लाइन इनपुटचा बहुधा दहा-वीस किलोओहमच्या आसपास असतो. इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप लाइन इनपुटला जोडला, तर वरचे स्वर मंदावून आवाज कोंदट होतो. अकूस्टिक गिटारचा पायझो पिकअप मधे प्रीअँप न ठेवता तसाच जोडला, तर उलट खर्ज नाहीसा होऊन आवाज पातळ आणि पोकळ येतो. पुष्कळ लोक या दोषाचे खापर वाद्यावर फोडतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

प्रीअँप किती शांत आहे हे पाहण्यासाठी तपशीलपत्रात ‘इक्विव्हॅलंट इनपुट नॉइज’ हा आकडा शोधावा. तो ऋण असतो आणि जितका अधिक ऋण तितका चांगला. नेहमीच्या मायकच्या अवरोधाला निसर्गतःच जो गोंगाट असतो त्यामुळे उणे १३१ डीबीयूच्या (विद्युतदाबाचे डेसिबलमधले एकक) आसपास एक सीमा पडते. उणे १२८ च्या जवळचे उपकरण म्हणजे त्या सीमेच्या अगदी कडेला पोहोचलेले. तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीने मोजलेले असावेत, कारण ‘ए-वेटेड’, म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार भार दिलेली, मोजणी आकडा थोडा उजळ दाखवते. त्याबरोबर जास्तीत जास्त गेन, म्हणजे प्रीअँपची वाढ, किती मिळतो तेही पाहावे. हळू आवाजात गाणाऱ्या व्यक्तीने डायनॅमिक मायक वापरला, तर ६० डेसिबल गेनची खरोखर गरज पडते.

आणि एक काम खरेदीच्या आधी करावे. मायकची वायर काढून, बाकी काहीही न बदलता, एक मिनिट मुद्रण करावे, मग मायक जोडून पण न गाता पुन्हा एक मिनिट करावे. दोन्हींत खरखर सारखीच असेल, तर दोष उपकरणाचा आहे आणि इंटरफेसने तो जाईल. दुसऱ्या मुद्रणात ती स्पष्टपणे वाढत असेल, तर मायक आपल्या खोलीतला पंखा, संगणकाची घरघर आणि खिडकीबाहेरचा आवाजच ऐकतो आहे. त्यावर कोणतेही कार्ड उपाय करू शकत नाही. मायक तोंडाजवळ घ्यावा, संगणक दूर ठेवावा आणि मागच्या भिंतीवर जाड पडदा किंवा रजई टांगावी.

प्रश्न : १६ बिट, २४ बिट, ४८, ९६, १९२ किलोहर्ट्झ यांतले काय निवडावे? मोठा आकडा म्हणजे चांगला दर्जा, असे समजावे का?

उत्तर : बिटांच्या बाबतीत २४ निवडावे. किलोहर्ट्झच्या बाबतीत ४४.१ किंवा ४८ पुरेसे आहेत.

प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलची जागा मिळते. १६ बिटांना ९६ आणि २४ बिटांना १४४ डेसिबल मिळतात, पण हा दुसरा आकडा कागदावरचाच आहे, कारण चांगले कन्व्हर्टरही प्रत्यक्षात ११० ते १२० च्या आसपास थांबतात. तरीही २४ बिट घ्यायचे ते मोकळिकीसाठी. गाणारा भरात येऊन एखादी तान जोरात घेतो, तेव्हा पातळी शून्याला, म्हणजे मुद्रणाच्या कमाल मर्यादेला, टेकली तर आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज पूर्वीसारखा करता येत नाही. २४ बिटांत मुद्रण करताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील इतकाच गेन ठेवता येतो, आणि नंतर पातळी वाढवली तरी काही बिघडत नाही. जुन्या सवयीने पातळीची पट्टी लालपर्यंत चढवण्याचे आता काहीच कारण उरलेले नाही.

किलोहर्ट्झचा आकडा सांगतो की आवाजाचे मोजमाप एका सेकंदात किती हजार वेळा घेतले जाते. जेवढे मोजमाप, त्याच्या निम्म्यापर्यंतची कंपने पकडली जातात, आणि माणसाचा कान फार तर २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो. वय वाढते तशी ही सीमा खाली येते. १९८२ मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ४४.१ हा दर रूढ केला आणि चित्रफितींच्या कामात ४८ रूढ आहे. गाणे चित्रफितीसोबत जाणार असेल, तर सुरुवातीपासूनच ४८ ठेवावे. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर एका ट्रॅकच्या एका मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट लागतात. १९२ वर हेच ३४ मेगाबाइटांच्या पुढे जाते, प्रोसेसरचा भार वाढतो आणि कानाला काही मिळत नाही. मुद्रित आवाज पुढे खूप संथ करून त्यातून वेगळे ध्वनी घडवायचे असतील, तर वरच्या दराचा खरा उपयोग आहे, पण ते काम निराळे.

मला या आकड्यांविषयी तळमळीने लिहावेसे वाटते, कारण लोक १९२ पाहून उपकरण घेतात आणि प्रीअँपकडे व ड्रायव्हरकडे (उपकरण आणि संगणक यांचा संवाद घडवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे) बघतच नाहीत.

प्रश्न : इंटरफेस घेतला, आवाजही स्वच्छ येतो, पण हेडफोनमध्ये माझाच आवाज क्षणभर उशिरा ऐकू येतो आणि त्यामुळे लय सुटते. उपकरण सदोष आहे का?

उत्तर : बहुधा नाही. या उशिराला लेटन्सी म्हणतात. संगणक प्रत्येक मोजमाप आल्याक्षणी हाताळत नाही, तो त्यांचे गठ्ठे करून घेतो, आणि त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४८ किलोहर्ट्झवर १२८ मोजमापांचा बफर भरायला २.७ मिलिसेकंद लागतात, तर १०२४ चा भरायला २१ हून अधिक. आत येताना एक आणि बाहेर जाताना एक असे दोन बफर धरावे लागतात, आणि त्यात कन्व्हर्टर व यूएसबीचा वेळ मिळवावा लागतो. म्हणून १०२४ वर आपला आवाज पन्नास मिलिसेकंदांच्या आसपास मागे पडतो. हवेतून एक मीटर यायला आवाजाला सुमारे तीन मिलिसेकंद लागतात. तेव्हा ही स्थिती म्हणजे पंधरा-सोळा मीटर दूर ठेवलेल्या स्पीकरमधून स्वतःला ऐकत गाण्यासारखीच आहे. एकूण उशीर दहा मिलिसेकंदांच्या आसपास आला, तर बहुतेक वादकांना तो जाणवत नाही. गाणाऱ्याला मात्र याहून कमी उशीरही खटकू शकतो, कारण त्याचा आवाज त्याला हाडांतूनही ऐकू येत असतो आणि दोन्ही आवाज मिसळून एक विचित्र पोकळपणा येतो.

आधी ड्रायव्हर तपासावा. विंडोजवर मुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एएसआयओ’ हा पर्याय निवडलेला असावा, आणि तोही उपकरणाच्या निर्मात्याने दिलेला असावा. स्टाइनबर्ग कंपनीने ही पद्धत १९९७ मध्ये आणली ती नेमकी याच अडचणीसाठी, कारण तिने विंडोजचा लांबचा रस्ता टाळून सॉफ्टवेअरला थेट उपकरणाशी बोलता येते. विंडोज १० मध्ये २०१७ पासून यूएसबी ऑडिओच्या दुसऱ्या आवृत्तीचा अंगभूत ड्रायव्हर आहे, त्यामुळे पुष्कळ उपकरणे जोडताक्षणी वाजू लागतात. त्यावरून काम झाले असे समजू नये, कारण निर्मात्याचा ड्रायव्हर तरीही बसवावाच लागतो. मॅकवर कोअर ऑडिओ मुळातच असल्याने हा प्रश्न सहसा येत नाही, आणि लिनक्सवर ‘क्लास कंप्लायंट’ असे लिहिलेले उपकरण घेतले, तर वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

त्यानंतर मुद्रण करताना बफर १२८ किंवा ६४ वर आणावा. आवाज तुटू लागला, टकटक ऐकू आली, तर एक पायरी वर जावे. मुद्रण संपवून मिश्रणाला बसलात की तोच बफर निःशंकपणे १०२४ करावा, कारण तेव्हा उशिराला काही अर्थ नसतो आणि प्रोसेसरला श्वास घ्यायला जागा मिळते.

सर्वांत साधा उपाय मात्र आपल्या उपकरणावरच असण्याची शक्यता आहे. ‘डायरेक्ट मॉनिटर’ असे बटण किंवा गोल खटका शोधावा. तो चालू केला, की मायकचा आवाज संगणकात जाऊन परत येण्याची वाट न पाहता थेट हेडफोनमध्ये येतो. त्या वेळी सॉफ्टवेअरमध्ये त्या ट्रॅकचे ऐकणे बंद करावे, नाही तर एकच आवाज दोनदा ऐकू येईल. अशा कोरड्या आवाजावर गाणे काहींना जड जाते. त्यांनी सॉफ्टवेअरमधून फक्त रिव्हर्ब, म्हणजे सभागृहासारखे गुंजन, तेवढा ऐकावा आणि मूळ आवाज बंद ठेवावा. गुंजन थोडे उशिरा आले तरी खटकत नाही, कारण खऱ्या सभागृहातही ते उशिराच येते.

आणखी एक तपासणी करून ठेवावी. इंटरफेसचे आउटपुट वायरने त्याच्याच इनपुटला जोडून मेट्रोनोमचे ठोके वाजवावेत आणि ते नव्या ट्रॅकवर मुद्रित करावेत. मूळ ठोका आणि मुद्रित ठोका एकावर एक पडायला हवेत. पडत नसतील, तर तेवढा फरक सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये भरता येतो. ही जुळणी नसेल तर प्रत्येक नवा ट्रॅक किंचित मागे बसत जातो आणि उत्तम लयीचा वादकही स्वतःला दोष देऊ लागतो. हे करताना स्पीकर बंद ठेवावेत आणि डायरेक्ट मॉनिटरही बंद असावा, म्हणजे शिट्टी वाजणार नाही.

प्रश्न : दोन यूएसबी मायक एकदम जोडून दोघांचे गाणे मुद्रित करता येईल का?

उत्तर : येते, पण मी तसे सुचवणार नाही. प्रत्येक यूएसबी मायकमध्ये स्वतःचे छोटे साउंड कार्ड आणि स्वतःचे घड्याळ असते. दोन घड्याळांत दहा लाखांत वीस भागांचा फरक असला, तरी दहा मिनिटांत दोन ट्रॅक १२ मिलिसेकंदांनी सरकतात. शिवाय विंडोजवर एएसआयओ सहसा एका वेळी एकच उपकरण घेते. मॅकवर दोन उपकरणे एकत्र बांधून एकाचे घड्याळ दुसऱ्याला लावण्याची सोय आहे, तरी तोही तात्पुरताच मार्ग. दोन इनपुटांचा एक इंटरफेस आणि दोन साधे एक्सएलआर मायक घेतले, तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

प्रश्न : यूएसबी-सी जोडणीचा इंटरफेस जुन्या यूएसबी २.० पेक्षा वेगवान असतो का?

उत्तर : यूएसबी-सी हे जोडणीच्या आकाराचे नाव आहे, त्यावरून वेग ठरत नाही. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट आहे आणि २४ बिट, ४८ किलोहर्ट्झच्या दोन वाहिन्यांना अडीच मेगाबिटही लागत नाहीत. उपकरण हबमधून न जोडता थेट संगणकाला जोडावे, इतके पुरे.

प्रश्न : मी फक्त इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड वाजवतो. मला इंटरफेस लागेल का?

उत्तर : कीबोर्डचे स्वतःचे आवाज मुद्रित करायचे असतील, तर दोन लाइन इनपुटांचा इंटरफेस लागेल, आणि तिथे प्रीअँपच्या शांततेची फारशी चिंता नको, कारण कीबोर्डचा संकेत मुळातच सशक्त असतो. पण कीबोर्डने संगणकातली वाद्ये वाजवायची असतील, तर वायरमधून आवाज जातच नाही. कोणती पट्टी केव्हा आणि किती जोराने दाबली, एवढीच माहिती जाते. १९८३ पासून चालत आलेल्या या पद्धतीला मिडी म्हणतात. कीबोर्डला यूएसबी असेल, तर ती थेट संगणकाला जोडून काम सुरू करावे. जुन्या कीबोर्डला पाच टाचण्यांची गोल जोडणी असते, तेव्हा तशीच जोडणी असलेला इंटरफेस पाहावा.

प्रश्न : लॅपटॉपचा चार्जर लावला की स्पीकरमधून घूंऽऽ असा आवाज येतो. साउंड कार्ड बदलावे का?

उत्तर : आधी चार्जर काढून पाहावे. तो काढताच आवाज थांबत असेल, तर लॅपटॉप आणि स्पीकर यांच्या अर्थिंगमध्ये वळसा तयार झाला आहे, आणि नव्या कार्डालाही तो त्रास होईल. दोन्ही उपकरणे एकाच विस्तारफळीवर लावावीत आणि स्पीकरपर्यंत संतुलित वायर (वर सांगितलेल्या एक्सएलआरसारखी, दोन उलट तारांच्या रचनेची) वापरावी. तेवढ्याने भागले नाही, तर मधे ऑडिओ आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर बसवावा. प्लगची अर्थिंगची टाचणी काढण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतू शकतो, म्हणून कधीही मानू नये.

प्रश्न : वापरलेला इंटरफेस घ्यावा का? घेताना काय पाहावे?

उत्तर : घ्यायला हरकत नाही. या उपकरणांचे प्रीअँप आणि कन्व्हर्टर सहजासहजी झिजत नाहीत, आणि दहा वर्षांपूर्वीचे चांगले उपकरण आजही चांगले मुद्रण करते. धोका ड्रायव्हरचा असतो. माझ्याकडे फायरवायर या यूएसबीसारख्या जुन्या जोडणीने जोडला जाणारा आठ इनपुटांचा इंटरफेस होता. त्याचा आवाज मला आजही आठवतो, पण निर्मात्याने नव्या विंडोजसाठी ड्रायव्हर काढला नाही आणि नव्या संगणकांवर फायरवायरचे छिद्रही उरले नाही, तेव्हा एक निर्दोष उपकरण मला कपाटात ठेवावे लागले. म्हणून पैसे देण्यापूर्वी निर्मात्याच्या संकेतस्थळावर जाऊन नेमक्या त्या मॉडेलचा, आपल्या संगणकप्रणालीच्या आवृत्तीसाठी, ड्रायव्हर आजही उपलब्ध आहे का हे पाहावे. मॉडेलची पिढीही नीट वाचावी, कारण एकाच नावाच्या पहिल्या आणि चौथ्या पिढीत बराच फरक असू शकतो.

उपकरण हातात आल्यावर प्रत्येक खटका सावकाश फिरवून हेडफोनमध्ये कुरकुर येते का ते ऐकावे, दोन्ही इनपुटांना आळीपाळीने एकच मायक जोडून पातळी सारखी मिळते का हे पाहावे, आणि शक्य असेल तर आपला कंडेन्सर मायक सोबत नेऊन फँटम पॉवर दोन्हीकडे चालते याची खात्री करावी. यूएसबीची जोडणी हलकेच हलवून पाहावी. तिथे संपर्क तुटत असेल, तर ते उपकरण घेऊ नये.